सुभेदारांशिवाय पोचलेली पाण्याची पाळी

काका, चौदाच्या चौदा! एकही मागं राहिलं नाही. सकाळी सात वाजता पहिल्या पंपहाऊसच्या संगणकानं तुमचं पाळीचं मॉड्यूल ओढून घेतलं आणि सात वाजून अकरा मिनिटांनी शेवटच्यानं. मी खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवल्या. आई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन धावत आली, म्हणाली, "काय झालं गं? कोण पास झालं?" मी म्हणाले, "सुभेदार काका." ती माझ्याकडं बघतच राहिली, कारण तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झालेत.

तुमचं तोंड मला दिसतंय. भुवया वर, मिशी एका बाजूला. "न्हाई म्हणली हुतीस न्हवं?" हो काका, म्हटलं होतं. मिरजेच्या हॉस्पिटलात तुमच्या खाटेशी उभी राहून म्हटलं होतं की तुमचं मॉड्यूल आपोआप पाठवणार नाही. तो शब्द आज मी मोडला. मोडला त्याची टोचणी आहे आणि जमलं त्याचा आनंद गगनात मावत नाही, अशी सकाळपासून माझी ओढाताण चाललीय. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसलेय. दुपारनंतर जे झालं ते मात्र शेवटी सांगते. त्याला जरा धीर गोळा करावा लागेल.

आपली पहिली भेट साताऱ्यात, पंप ऑपरेटरांच्या प्रशिक्षणात झाली. मी पुण्यातली नोकरी सोडून नुकतीच सांगलीला परतले होते आणि उपसा योजनेच्या पाळ्या संगणकावर आणायचं काम अंगावर घेतलं होतं. चौदा गावं, चौदा पंपहाऊस, प्रत्येक ठिकाणी एक छोटा संगणक. कुठली चारी, म्हणजे कालव्याचा फाटा, कधी उघडायची, किती तास चालवायची, हे त्यानं ऑपरेटरला दाखवायचं आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा. मी भिंतीवरच्या पडद्यावर चित्रं दाखवत होते, सगळे माना डोलवत होते. पहिल्या बाकावर ताठ बसलेल्या, पिकल्या मिशांच्या एकाच माणसानं हात वर केला. "म्याडम, ह्यो सगळा प्रोग्रॅम ऱ्हातो कुटं?"

मी खूश झाले, कारण एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं की प्रोग्रॅमचे तुकडे असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. पाळीचं एक, निरोपाचं एक, मीटर वाचायचं एक. ते सगळे दूर एका ठिकाणी ठेवलेले असतात, तिला रेपो म्हणतात. मी तिथं एखादं मॉड्यूल सुधारून ठेवलं की रोज सकाळी सातला प्रत्येक पंपहाऊस तिथं विचारतं, माझ्याकडं आहे त्याहून नवं काही आहे का? असलं तर आपलं आपण ओढून घेतं. कुणी जायला नको, यायला नको.

"म्हंजे फौजेतलं क्वार्टरमास्टरचं स्टोअर," तुम्ही म्हणालात. "तितनं सहीशिवाय बूट बी भायेर पडत न्हाई. हितं सही कोण करतं?"

मी हसून विषय बदलला. तुम्ही हसला नाहीत.

लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे बिनतारी-दूरध्वनीच्या विभागातून, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तुम्ही कडेगावकडं ऊस बघत होतात आणि पाणीवापर संस्थेचं काम करत होतात. अठ्ठावीस वर्षं यंत्रं खोलून जोडलेला माणूस कोडला भिणार थोडाच. सहा महिन्यांत तुम्ही माझं पाळीचं मॉड्यूल ओळ न ओळ वाचून काढलंत आणि मला फोन केलात. "पोरी, ह्ये कुणीतरी नळाचं पाणी पिणाऱ्यानं लिवलंय." मला असा राग आला! चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही मला मोटरसायकलवर मागं बसवून चारीवर नेलंत आणि बांधावर दोन तास बसवून ठेवलंत. पाणी सुटल्यावर ते किती वेळ नुसतं मुरतं, कुठं गवतात अडतं, कुठं कोण फावड्यानं हळूच तोंड फोडतं, हे सगळं मी उन्हात बसून बघितलं. घरी आल्यावर माझा कोड उघडला आणि मला माझीच लाज वाटली. त्यानंतर पाळीचं मॉड्यूल तुम्ही नव्यानं लिहिलंत. काका, ते फार चांगलं होतं. मी तुमच्या तोंडावर "ठीक आहे" म्हणाले होते. ठीक नव्हतं, माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पण ते न्यायची तुमची तऱ्हा! मी इथं बसल्या जागी चौदा गावांना सुधारणा पाठवू शकत होते आणि तुम्ही पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून, खिशाचं बटण लावून, दोन दिवस मोटरसायकलवर हिंडायचात. प्रत्येक पंपहाऊसमध्ये जुनं काढायचं, नवं घालायचं, ऑपरेटरसमोर चालवून दाखवायचं आणि छोट्या वहीत त्याची सही घ्यायची. मी म्हणायचे, "काका, हे विसाव्या शतकातलं झालं." तुम्ही म्हणायचात, "मग मी कुटल्या शतकातला हाय?"

आणि मग ती खंडेनवमी आली. तुम्ही तिचं नाव काढलं की माझे कान अजून लाल होतात.

त्या वर्षी परतीच्या पावसानं दगा दिला आणि दसऱ्याच्या तोंडावरच आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची फेरी, सुरू करायचं ठरलं. फार विनवण्या केल्यावर एकदाच, फक्त एकदाच, तुम्ही पाळीची यादी आपोआप जाऊ द्यायला तयार झालात. मी सगळं नीट बसवलं. सकाळी सातला चौदाही पंपहाऊस नवी यादी ओढतील, दुसऱ्या दिवसापासून त्याप्रमाणे पाणी सुटेल. तारीख बघितली, वार बघितला, तिथी मात्र बघितली नाही.

खंडेनवमीला आपल्याकडं अवजारांना हात लावत नाहीत. विळा, कोयता, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून ठेवायचं. आठ गावच्या ऑपरेटरांनी पंपहाऊसचा संगणक पहाटेच बंद केला, पुसला, कुंकू लावलं आणि नमस्कार करून घरी गेले. उरलेल्या सहा जणांनी पूजा नऊनंतर केली. झालं! सहा ठिकाणी नवी यादी, आठ ठिकाणी जुनी, कारण ते आठ संगणक दसऱ्यालाही सातनंतरच चालू झाले. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, शेजारच्या दोन गावांना एकाच वेळी पाणी आपलंच वाटलं. सोनं लुटायचं सोडून माणसं चारीवर गोळा झाली. आपट्याची पानं खिशात आणि फावडी हातात.

पण नवमीच्या दुपारीच तुम्हाला काहीतरी गडबड वाटली होती. तुमचा फोन आला. "पोरी, आठ ठिकाणी जुनंच दिसतंय. बग जरा तुज्या यंत्रात."

मी देवघराकडं बघितलं.

"काय गं? तुजं यंत्र काय करतंय?"

"पाटावर आहे, काका." आईनं माझा लॅपटॉप सकाळीच देवघरापुढं पाटावर मांडला होता, वर झेंडूचं फूल. उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद. तुम्ही असे हसलात, असे हसलात, की खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या दिवशी चारीवर जाऊन तुम्ही दोन्ही गावांना समजावलंत आणि दोष स्वतःवर घेतलात. माझं नाव कुणाला सांगितलं नाहीत. मी कधी आभार मानले नाहीत, कारण आपण लगेच भांडायलाच लागलो.

केवढं भांडलो आपण! मी म्हणायचे, चूक आपोआप जाण्याची नाही, माझ्या बसवण्याची आहे. आणि मी ती सुधारलीही, काका. संगणक बंद असला तर चालू होताक्षणी आधी रेपोला विचारतो. नवं आलं तरी लगेच वापरत नाही, आधी बाजूला चालवून बघतो. चौदाही ठिकाणी पोचल्याशिवाय कुणीच नवं वापरत नाही, आणि एकजण अडला तर सगळे जुन्यावरच राहतात. तुमच्या सहीच्या प्रश्नाचंही उत्तर काढलं. ज्यानं बदल केला त्याचं नाव पंपहाऊसच्या पडद्यावर खाली दिसेल, आणि त्याच्या किल्लीशिवाय, म्हणजे त्यालाच ठाऊक असलेल्या सांकेतिक शब्दाशिवाय, मॉड्यूल रेपोतून हलणार नाही. मी हे सगळं तुमच्यापुढं मांडलं तेव्हा मला वाटलं, आता माघार घेतील.

तुम्ही सगळं नीट वाचलंत. "लय ब्येस केलंयस," म्हणालात. "बाकीची मॉड्यूलं जाऊ दे आपोआप. माजं न्हाई. माजं मी न्हेणार." आणि रेपोत एक ओळ लिहून ठेवलीत की पाळीचं मॉड्यूल आपोआप जाणार नाही.

"पण का?" मी ओरडलेच. "आता यात चूक कुठं आहे ते तरी दाखवा!"

"चूक न्हाई त्येच्यात."

"मग?"

"मग काय न्हाई. न्हेणार म्हणलं न्हवं?"

मी तुम्हाला हट्टी म्हातारा म्हणाले. तुम्ही म्हणालात, म्हातारा न्हाई, रिटायर. ते भांडण तिथंच राहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही शेवटच्या गावाचं मनावर घेतलंत. कवठे महांकाळच्या बाजूचं, टेलचं गाव. चारी तिथं संपते. पाळीचे तास सगळ्यांना सारखे, पण वरच्या गावाला चारीचं दार उघडल्याबरोबर पाणी मिळतं आणि टेलला पाणी पोचेपर्यंत तीन तास निघून जातात. तास दार उघडल्यापासून मोजले जायचे, म्हणजे त्यांचे तीन तास वाटेतच संपायचे. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि कागदावर सगळ्यांना समान पाणी होतं. छातीत दुखायला लागून तुम्हाला मिरजेला हलवलं तेव्हाही तुमच्या डोक्यात तेच. सलाइनचा हात बाजूला ठेवून दुसऱ्या हातानं तुम्ही कोड लिहिलात. टेलच्या मीटरला पाणी लागलं की तास मोजायला सुरुवात, त्याआधी नाही. एवढीच सुधारणा, जेमतेम चाळीस ओळी. मी वाचली आणि अंगावर काटा आला.

"रेपोत ठेवलंय," तुम्ही म्हणालात. "किल्ली बी लावलीय. पर पाठवू नगंस. मी बरा झालो की न्हेतो. म्हण बगू, न्हाई पाठवणार."

"नाही पाठवणार, काका."

तुम्ही बरे झाला नाहीत.

आवर्तन येत्या गुरुवारी होतं. मी ठरवलं होतं की तुमचा पेन ड्राइव्ह घेऊन मंगळवारी निघायचं, दोन दिवसांत चौदा गावं करायची, तुमचा शब्द राखायचा. स्कूटरची हवासुद्धा तपासून ठेवली होती. काल, रविवारी संध्याकाळी योजनेच्या कार्यालयातून फोन आला की पाणी लवकर सुटतंय, पंप सोमवारी सकाळी दहालाच सुरू होणार. दोन दिवसांचं काम एका सकाळीत कसं करायचं? जुनं मॉड्यूल राहिलं असतं तर टेलचे तीन तास पुन्हा गेले असते. तिथल्या द्राक्षबागांची उन्हाळी खरड छाटणी नुकती झालीय, नव्या फुटीला आत्ताच पाणी हवं. पुढची पाळी महिन्यानं.

मी काकूंना फोन केला. तुमच्यानंतर घरात एकट्याच, पण आवाज खणखणीत. सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू, काकू? मी शब्द दिलाय."

"मला इचारतीस व्हय?" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं त्येंनी माजं कवा ऐकलंया, आन आता मी त्येंच्या वतीनं काय सांगू? पर योक सांगतो, तितं पाणी पोचलं न्हाई तर ह्यो माणूस मला सपनात बी झोपू द्यायचा न्हाई."

म्हणून आज सकाळी पावणेसातला मी रेपोतली ती तुमची 'आपोआप जाणार नाही'ची ओळ पुसली. खोटं कशाला बोलू, नुसती टेलची काळजी नव्हती. तीन वर्षं मनात होतं ते एकदा चालताना बघायचं होतं मला. तुमचं मॉड्यूल, माझी वाट. दोन्ही एकत्र.

सात वाजले. पडद्यावर चौदा गावांची नावं, सगळी करडी. पहिलं हिरवं झालं. मग दुसरं, तिसरं. मग चार एकदम! मी मोठमोठ्यानं मोजत होते. सात चारला तेरा झाले. टेल करडंच. सात पाचला करडं, सात सातला करडं. तिथं रेंज म्हणजे वाऱ्याच्या मर्जीवर, तुम्हाला माहीतच आहे. मी पडद्याशी बोलायला लागले, ये की बाई, ये की. सात अकराला ते हिरवं झालं, आणि माझा जीव भांड्यात पडला. साडेनऊला चौदाही ठिकाणी एकाच क्षणी जुनं गेलं आणि नवं आलं. दहाला पंप सुरू झाले. कुठंच गोंधळ नाही, एक फोन नाही. टेलचं दार उघडलं तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. तासांचा आकडा शून्य. अर्धा तास झाला, शून्य. दोन तास, शून्य. तीन तास दहा मिनिटांनी तिथल्या मीटरला पाणी लागलं आणि आकडा हलला. काका, त्यांचं एक मिनिटही वाया गेलं नाही! मी एकटी खोलीत नाचले. तुम्ही असता तर तुम्हालाही नाचवलं असतं, रिटायर असा नाहीतर नसा.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

टेलच्या पंपहाऊसचे ऑपरेटर दत्तू आप्पा. सत्तरीचे, साधा बटणांचा फोन वापरणारे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर अथणीकडं लेकीच्या घरी होते, बदलीवर परगावचा नवा पोरगा होता, त्यानं तुम्हाला कधी बघितलंही नव्हतं. कालच परतले. आवाजात नुसता आनंद.

"ताई, पाणी लागल्यापास्नं तास धरलंया! आज पयल्यांदा! मी मागं सुबेदारास्नी बोल्लो हुतो, त्येंनी केलं बगा. खाली त्येंचं नाव बी हाय, बदलीच्या पोरानं वाचून दावलं."

"हो आप्पा," मी म्हणाले.

"पर ताई, कवा येऊन गेलं वं ते?"

मी खुर्चीत बसले.

"माजं घर पंपाच्या फुडंच हाय. मी काल सांजंपास्नं घरीच. कवाबी आलं की आदी मला हाक मारत्यात, मग यंत्राला हात लावत्यात. पोरीचं कसं चाललंय, बैलाचा पाय बरा हाय का, सगळं इचारत्यात. आज येऊन न भेटता गेलं? काय चुकलं का वं माजं? त्येस्नी सांगा, आप्पा रुसलाय म्हणून."

काका, तेव्हा मला कळलं. दोन वर्षं मी तुम्हाला विचारत होते, चूक कुठं आहे ते दाखवा, आणि तुम्ही म्हणत होता, चूक नाही. चूक नव्हतीच. चौदा दारांशी जाऊन उभं राहायला तुम्हाला एक निमित्त हवं होतं, आणि मी ते सोप्पं करून देते म्हणून मागं लागले होते. मग हे मला सरळ का नाही सांगितलंत? मी हसले असते, पण ऐकलं असतं.

फोनवर सांगणं जमेना. "आप्पा, तिथंच थांबा, मी येते," एवढंच म्हणाले आणि स्कूटर काढली. सांगलीपासून दीड तास. वाटेत दोनदा थांबून वाक्य जुळवलं, दोनदा ते विसरले.

आप्पा रस्त्यावर येऊन उभे होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मी थांबले तरी ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या मागच्या रस्त्याकडं बघत होते. "सुबेदार मागनं येत्यात व्हय?"

मी त्यांना पंपहाऊसच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं.

आप्पा शेजारच्या चारीकडं हात करून म्हणाले, "मग ह्ये कुणी आणलं?"

"त्यांनीच," मी म्हणाले. "मी फक्त अडवलं नाही."

आप्पांनी चष्मा काढला. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. ते काही आम्हा दोघांना जमलं नाही.